विकिमीडिया कॉमन्स: चित्रकारांसाठी कितपत कामाचे?

किल्ला, देऊळ किंवा पक्षी रंगवायचाय आणि स्वतःचा फोटो नाही, तर कॉमन्स, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचे फोटोंचे ऑनलाइन भांडार, पिंटरेस्टपेक्षा कितीतरी बरे. फुकट, लॉगिनशिवाय, आणि प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव व परवाना लिहिलेला. पिंटरेस्टवर मूळ मालक शोधतानाच दमछाक होते.

खरी मेख परवान्यात आहे. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फोटो कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारे तयार परवाने. 'सीसी झिरो' (कोणतीही अट नाही) किंवा पब्लिक डोमेनमधला, म्हणजे कॉपीराइट नसलेला, फोटो बिनधास्त वापरा. 'सीसी बाय' असेल तर छायाचित्रकाराचे नाव, परवाना आणि बदल केल्याची नोंद द्या. चित्राच्या मागे आणि ऑनलाइन मजकुरात दोन ओळी पुरतात. 'बाय-एसए' (शेअर-अलाइक) मात्र जपून. फोटोवरून हुबेहूब काढलेले चित्र प्रसिद्ध केले की तेही त्याच परवान्याखाली द्यावे लागते, म्हणजे त्याच्या प्रिंट इतर कोणीही विकू शकतो. कमिशनच्या, म्हणजे ग्राहकाने सांगून करून घेतलेल्या, कामाला असा फोटो नकोच. शोधताना परवान्याची चाळणी आधीच लावा.

फोटोंचा दर्जा फार खाली-वर. मूळ आकाराची फाइलच उतरवा, छोट्या प्रतीत सावल्यांतले तपशील जातात. वाइड लेन्सने बुरूज मागे कललेले दिसतात. ते तसेच ट्रेस केले तर चित्रात इमारत पडल्यासारखी वाटते. तीन-चार फोटो एकत्र करताना क्षितिजरेषा आणि उन्हाची दिशा जुळवा, आधी छोटे काळे-पांढरे स्केच करून. रंग फोटोतून उचलू नका, सावल्या मेलेल्या काळ्या होतात.

माणसांचे चेहरे इथून घेऊ नयेत. छायाचित्रकाराचा परवाना म्हणजे त्या व्यक्तीची संमती नव्हे.