मातीची चित्रे आणि दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा

दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस कोल्हापुरात शाहूपुरीतील कुंभार गल्लीत घरांच्या दारापुढे फळ्या मांडल्या जातात आणि त्यांवर पणत्यांच्या ढिगांशेजारी किल्ल्यावरची चित्रे ओळीने उभी राहतात. भाला घेतलेले मावळे, घोडेस्वार, तोफा, सिंहासनावर बसलेले महाराज आणि त्यांच्याबरोबर जात्यावर दळणारी बाई, गवळण, बैलगाडी, वाघ असा सारा संसार तिथे असतो. यंदा आम्ही त्यातल्या एका घरून चित्रे घेतली आणि त्या निमित्ताने सुट्टीच्या आठवड्यात तिथे चार वेळा गेलो. ज्यांच्या घरी चार ते आठ वर्षांची मुले आहेत आणि सहामाही परीक्षा संपल्यापासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस कसे निभवायचे हा प्रश्न ज्यांना दरवर्षी पडतो, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलांना सुट्टी लागते त्याच आठवड्यात कार्यालयातली कामे वाढलेली असतात आणि घरी सासूबाई चकली-चिवड्याच्या व्यापात असतात. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा आणि त्यांच्या जोडीला इचलकरंजीहून आलेला नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा, अशी तीन मुले सकाळी सहापासून घरभर असतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांना रोज नवीन काहीतरी दाखवायचे ठरवले होते. एक दिवस रंकाळा, एक दिवस न्यू पॅलेस, एक दिवस बाग, एक दिवस नाटक असा कार्यक्रम आखला, आणि तिसऱ्या दिवसापासून मुले चिडचिडी झाली. काल काय पाहिले हे त्यांना सांगता येत नव्हते आणि आज काय पाहायचे यात त्यांना रस उरला नव्हता. म्हणून यंदा आठवड्याला एकच काम ठरवले. अंगणात किल्ला करायचा आणि बाहेर जायचे ते त्या किल्ल्यासाठीच.

सुरुवात मात्र आमच्याकडून चुकीची झाली. वेळ कमी आहे म्हणून मुलांच्या वडिलांनी बाजारपेठेतील एका दुकानातून तयार किल्ला आणला. साडेनऊशे रुपयांचा, प्लास्टरचा, बुरूज-तटबंदी-दरवाजा सगळे एकत्र असलेला आणि वर दहा लहान चित्रे. तो पाच मिनिटांत अंगणात मांडून झाला आणि पुढच्या दहा मिनिटांत मुलांचा त्यातला रस संपला, कारण त्यात त्यांनी करण्यासारखे काहीच शिल्लक नव्हते. धाकट्याने तो जागेवरून हलवताना एक बुरूज तुटला, आतला पांढरा चुरा फरशीवर सांडला आणि त्याच्या तळहाताला लागलेला तपकिरी रंग साबणाने दोनदा धुवावा लागला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा सणाचा माल परत घेत नाही एवढेच उत्तर मिळाले. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूचा रंग हाताला लागू नये ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही, आणि त्याबद्दल विक्रेत्याने साधी विचारपूसही न करणे मला खटकले.

त्याच संध्याकाळी तिन्ही मुलांना घेऊन कुंभार गल्लीत गेले. ज्या घरी आम्ही थांबलो तिथे ओटीवर एक आजी चित्रांचे डोळे रंगवत बसल्या होत्या आणि आत त्यांचा मुलगा साच्यात माती दाबत होता. साचा दोन भागांचा असतो, पुढचा आणि पाठीचा. दोन्ही भागांत मळलेली माती अंगठ्याने बसवायची, कडांना पातळ चिखल लावून ते एकमेकांवर दाबायचे, थोड्या वेळाने साचा उघडायचा आणि जोडाची रेघ ओल्या बोटाने पुसून टाकायची. मग चित्र सावलीत सुकवायचे, आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजायचे आणि शेवटी रंगवायचे. साच्यातून पहिला मावळा बाहेर आला तेव्हा आमचा धाकटा, जो घरी एका जागी दोन मिनिटे बसत नाही, तो पुढची वीस मिनिटे उंबऱ्याला टेकून उभा होता. मी संकोचाने मुलांना मागे ओढू लागले, तेव्हा आजी म्हणाल्या, "ताई, बसू द्या की पोरांस्नी. माती काय संपत न्हाई." सणाच्या तोंडावर, गिऱ्हाइकांची ये-जा सुरू असताना, तीन मुलांना असे सांभाळून घेणारे दुकान मला आजवर दुसरे भेटलेले नाही.

मालाबद्दल सांगायचे तर या घरी दोन प्रकारची चित्रे होती. एक लाल मातीची, भाजलेली. दुसरी शाडूची, न भाजलेली. प्लास्टरची चित्रे ते ठेवत नाहीत. ओळखायचे कसे, हे त्यांनीच मुलीला दाखवले. चित्र उलटे करून तळाशी नखाने ओरखडायचे. पांढरी भुकटी निघाली तर प्लास्टर, करडी निघाली तर शाडू, आणि भाजलेल्या मातीला नख सहसा लागत नाही, बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजते. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला टिचकी बसली, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीलासुद्धा.

भाजलेला लहान मावळा आम्हाला पंचवीस रुपयांना पडला, घोडेस्वार साठला आणि महाराजांचे वीतभर उंचीचे चित्र दीडशेला. बारा मावळे, दोन घोडेस्वार, दोन तोफा, महाराज, गवळण आणि एक बैलगाडी इतके घेऊनही खर्च तयार किल्ल्याहून कमीच झाला.

किल्ल्याचे काम पुढचे दोन दिवस चालले. जोतिबाच्या वाटेवर ओळखीच्यांच्या घराचा पाया खणणे सुरू होते, तिथून दोन पोती तांबडी माती मिळाली. विटा आणि फरशीचे तुकडे रचून त्यांवर गाऱ्यात भिजवलेले गोणपाट पसरायचे आणि वरून मातीचे लिंपण करायचे, ही जुनीच पद्धत. उतारांवर मुलांनी अळीव पेरले. अळीव तीन-चार दिवसांत उगवते, त्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही पेरण्याचा आणि उगवण्याचा संबंध त्याच आठवड्यात डोळ्यांनी दिसतो. त्याच्याकडे पाणी घालण्याचे काम दिले होते आणि ते त्याने गरजेपेक्षा जास्तच मनावर घेतले. एका बाजूची माती वाहून गेली, ती तिघांनी मिळून पुन्हा लावली. या दोन दिवसांत कुणी मोबाइल मागितला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

रविवारी पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरपासून हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते आणि लहान मुलांसाठी तेवढेच पुरे होते. सारा गड दाखवण्याचा आग्रह आम्ही धरला नाही, दोनच जागा पाहिल्या. एक तीन दरवाजा, कारण आपल्या किल्ल्याचा दरवाजा कसा करायचा हे मुलीला पाहायचे होते. दुसरी अंबरखाना, म्हणजे गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली धान्याची कोठारे. तिथल्या जाड भिंतींच्या थंडाव्यात आजोबांनी मुलांना 1660 चा वेढा सांगितला. सिद्दी जौहरने गडाला घातलेला वेढा, धान्य संपत आल्याची काळजी, जुलै महिन्यातली पावसाची रात्र, महाराज एका पालखीतून विशाळगडाकडे निघाले ते आणि दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसले ते. मोठ्या कोठाराच्या आत उभे राहून ऐकल्यामुळे वेढ्यात धान्य का मोजून वापरावे लागते हे सहा वर्षांच्या भाच्यालाही समजले. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे, हेही आजोबांनी सांगितले. पण मुलीचे लक्ष पालख्यांवरच खिळलेले होते. परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारले, "आपल्या किल्ल्यावर पालख्या कुठं आहेत?"

पालखी कुठल्याच फळीवर नव्हती. सोमवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा कुंभार गल्लीत गेलो तेव्हा मुलीने स्वतःच विचारले, "काका, पालखी मिळेल का? दोन पाहिजेत." काकांनी हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहिले, दोन कशाला ते ऐकून घेतले आणि मळलेल्या मातीचा नारळाएवढा गोळा तिच्यापुढे ठेवला. तिने आईस्क्रीमची काडी दांडी म्हणून खोचायला घेतली, तर ते म्हणाले, "दांडी मातीचीच कर बाळ, काडी आव्यात जळून जाती. आन् आतनं पोकळ ठेव, भरीव ठिवलीस तर फुटती." दोन्ही पालख्या व्हायला दीड तास लागला. एकीचा कळस वाकडा झाला, दुसरीची दांडी दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा ओल्या चिखलाने सांधली गेली. काकांनी एकदाही तिच्या हातातून माती घेतली नाही, जे सांगायचे ते तोंडी सांगितले. या मातीचे आणि वेळेचे पैसे विचारले तर त्यांनी घेतले नाहीत, तेव्हा मी चार डझन पणत्या जास्त घेतल्या. मुलांच्या शिबिरांचे शुल्क आम्ही याआधी भरलेले आहे आणि तिथून तयार झालेली, शिक्षकांचाच हात फिरलेली सुबक वस्तू घरीही आणली आहे. त्या अनुभवाशी तुलना करता या दीड तासाला मी अधिक गुण देते.

आवा दिवाळीआधीचा शेवटचा लागून गेला होता, म्हणून पालख्या कच्च्याच घरी आल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली आणि प्लास्टिकचा कागद शोधेपर्यंत किल्ला भिजला. या सरीने मालाची खरी पारख केली. भाजलेल्या मावळ्यांना काही झाले नाही, फक्त दोघांच्या मिशांचा काळा रंग किंचित ओघळला. कोपऱ्यात मांडलेल्या तयार किल्ल्याचा रंग ओघळून फरशीवर तपकिरी पट्टे उमटले, ते अजून पूर्ण निघालेले नाहीत. मुलीच्या दोन पालख्यांपैकी एक ओसरीवर होती म्हणून वाचली, दुसरी विरघळून दांडीसह जमिनीला मिळाली. ती शिवा काशीदांची होती. मुलगी रडली, मग चिखल गोळा करून एका वाटीत भरून ठेवला आणि भाऊबीज झाल्यावर तो घेऊन आम्ही चौथ्यांदा गल्लीत गेलो. त्या मातीत थोडी नवी माती मळून काकांनी तिला पुन्हा बसवले. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर आणि घरोघरी पणत्या लागतात, त्यांच्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा आवा लावायचा होता. त्यात दोन्ही पालख्या भाजून मिळाल्या. नव्या पालखीच्या दांडीवर तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच राहिला आहे, काकांनी तो पुसू दिला नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सगळे मावळे एकाच साच्यातले असल्यामुळे चेहरे अगदी सारखे आहेत. दोन-तीन साचे फिरवून वापरले तर किल्ल्यावर अधिक जिवंतपणा येईल. पागोट्यांचे लाल-हिरवे रंग भडक आहेत. लढणाऱ्या स्त्रीचे एकही चित्र नव्हते, ते मुलीने विचारलेही, आणि पुढच्या वर्षासाठी विचार करतो असे आजींनी तिला सांगितले. घोडेस्वाराच्या घोड्याचे पाय बारीक आहेत. आमच्या एका घोड्याचा पाय घरी येतानाच मोडला, तो त्यांनी विनातक्रार बदलून दिला, पण बांधून देताना कागदाऐवजी गवत किंवा भुसा घातला तर तो मोडलाच नसता. गल्ली अरुंद आहे आणि संध्याकाळी सहानंतर दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शाहूपुरीच्या मोठ्या रस्त्यावर गाडी लावून चालत जाणे बरे.

मुलांच्या हातची वस्तू दिवाळीच्या आव्यात भाजून हवी असेल तर दसरा झाल्यावर लगेच जाऊन काकांना विचारावे. वस्तू सावलीत वाळायलाच आठवडा लागतो आणि ओली वस्तू ते आव्यात घेत नाहीत. दुपारी तीन ते पाच ही वेळ चांगली, तेव्हा गिऱ्हाईक कमी असते आणि मुलांना साच्याजवळ बसायला मिळते. जुने कपडे घालून जावे आणि घरून एक ओला पंचा बरोबर न्यावा, कारण हात धुवायला तिथे पाण्याची एकच बादली आहे आणि ती कामाची आहे.