आयर्न ब्रिगेडचा माग: सरकारी दप्तर आठ महिने वाचल्यानंतर

अमेरिकन यादवी युद्धाचं सरकारी दप्तर, म्हणजे ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’, गेले आठ महिने रोज रात्री थोडं थोडं वाचतेय. एकूण 128 ग्रंथ. तिथल्या युद्धखात्याने दोन्ही बाजूंचे अहवाल, हुकूम आणि पत्रं छापली आणि 1901 साली काम पुरं केलं. आज सगळं स्कॅन होऊन फुकट मिळतं.

सगळं वाचणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून मी एकाच ब्रिगेडचा (काही पलटणींच्या एकत्र तुकडीचा) माग धरला: उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या फौजेतली आयर्न ब्रिगेड. विस्कॉन्सिनच्या 2, 6 आणि 7 नंबरच्या पलटणी, 19 वी इंडियाना, आणि ऑक्टोबर 1862 मध्ये येऊन मिळालेली 24 वी मिशिगन. त्यांचा सेनानी जॉन गिबनने त्यांना उंच काळ्या टोप्या दिल्या, म्हणून ‘काळ्या टोपीवाले’ हेही त्यांचं नाव.

पहिला महिना वाया गेला, कारण मी पहिल्या खंडापासून सुरुवात केली. हे दप्तर आहे, बखर नव्हे. सलग वाचलं की माणूस हरवतो. लढाई ठरवावी, तिचा खंड काढावा, आधी फौजेच्या रचनेचा तक्ता बघावा, मग हानीचा तक्ता, आणि अहवाल सगळ्यांत शेवटी. फोनवर वाचायच्या फंदात पडू नका, छपाई फार बारीक आहे. मी टॅबलेट आडवा धरून वाचते. स्कॅनमधला शब्दशोध नावं चुकवतो, ग्रंथाच्या शेवटची छापील सूची जास्त भरवशाची. नकाशांचा वेगळा अॅटलास शेजारी उघडा असल्याशिवाय अहवालातलं ‘डावीकडचं रान’ कुठलं ते कळत नाही.

या दप्तराचं खरं बळ मला 12 व्या खंडाच्या दुसऱ्या भागात दिसलं. 28 ऑगस्ट 1862 ची संध्याकाळ, व्हर्जिनियातलं ब्रॉनरचं शेत. ब्रिगेड म्हणून यांची ही पहिलीच लढाई, आणि समोर दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन. अंधार पडेपर्यंत दोन्ही रांगा शंभर यार्डांच्या आतून एकमेकींवर गोळ्या झाडत उभ्या होत्या, कोणीच हटेना. गिबनच्या माणसांपैकी साधारण तिसरा हिस्सा पडला. त्याच ग्रंथात पानं उलटली की जॅक्सनचा अहवाल आहे, आणि झुंज किती कडवी झाली हे तोही मान्य करतो. शत्रूची साक्ष त्याच पुठ्ठ्यात मिळणं ही चैन आपल्या इतिहासात फार थोड्या लढायांना लाभते.

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या लढाईसाठी 27 वा खंड, भाग पहिला. यावर माझे तीन महिने गेले. 1 जुलै 1863 च्या सकाळी ब्रिगेड रानात घुसली आणि दक्षिणेचा जनरल आर्चर कैद झाला. दुपारी त्याच रानात ती मागे रेटली गेली. 24 व्या मिशिगनचा कर्नल मॉरो झेंडा धरणारे एकामागून एक कसे पडले ते सांगतो. शेवटी झेंडा त्याने स्वतः घेतला आणि डोक्याला गोळी लागली. ते पान वाचून त्या रात्री पुढे वाचवलं नाही.

पण मला जास्त थांबवलं ते हानीच्या तक्त्याने. ब्रिगेड: ठार, जखमी आणि कैद किंवा बेपत्ता मिळून एकूण 1,153. एकट्या 24 व्या मिशिगनचे 67, 210 आणि 86, म्हणजे 363. किती माणसं लढाईत उतरली हे तक्ता सांगतच नाही! ही या दप्तराची मोठी उणीव, कारण त्याशिवाय 363 हा आकडा मुका राहतो. ती संख्या रणभूमीवरच्या पलटणीच्या स्मारकावर कोरलेली आहे: 496. तिथेही एकूण हानी 363 च, पण मृत 89. तक्ता लढाईनंतरच्या याद्यांवरून झाला होता. जखमींतले काही नंतर गेले, बेपत्तांतल्या काहींचा शोध मृतांत लागला. बेरीज तशीच राहिली आणि माणसं एका रकान्यातून दुसऱ्यात गेली.

दुसरी उणीव अशी की इथे बोलतात ते अधिकारी. साधा शिपाई फक्त आकड्यात येतो, फार तर झेंड्यासोबत नाव येतं. नव्याने आलेल्या मिशिगनवाल्यांना जुन्या काळ्या टोपीवाल्यांनी सुरुवातीला जवळ केलं नव्हतं, हे शिपायांच्या पत्रांतून कळतं, अहवालांत त्याचा मागमूस नाही. ज्याला गोष्ट हवी त्याने आधी एखादा चांगला ग्रंथ वाचावा आणि मग इकडे यावं.

आता 19 वा खंड उघडलाय, सप्टेंबर 1862 च्या अँटिएटमच्या लढाईचा. मक्याच्या शेतातल्या झुंजीचे अहवाल पुढे आहेत, पण आधी तक्ता काढलाय, आणि बेपत्तांच्या रकान्यापासून वाचायला घेतलंय.