गोदामासाठी टॅली पुरेल, की ईआरपीनेक्स्ट घ्यावं?

भिवंडीत दोन गाळे, दोनेक हजार आयटम, गोदामात चार माणसं आणि ऑफिसात टॅलीवर बसणारा एक अकाउंटंट. अशा वितरकाला सॉफ्टवेअर विकायला येणारा प्रत्येक जण तोच डेमो दाखवतो: स्कॅनर बीप करतो, पडद्यावरचा आकडा बदलतो. डेमोतला माल कायम रॅकवर शिस्तीत लावलेला असतो, ही त्यातली खरी गंमत.

त्याआधी स्वतःला एक विचारा. माल किती आहे ते कळत नाही, की कुठे आहे ते सापडत नाही?

‘किती’ एवढाच प्रश्न असेल, तर बहुधा उत्तर तुमच्याकडे आधीपासून आहे. टॅलीप्राइममध्ये, म्हणजे टॅलीच्या सध्याच्या आवृत्तीत, गोडाऊन वेगवेगळी ठेवता येतात, एकाखाली दुसरं टाकता येतं, बॅच आणि मुदतीची तारीख लावता येते. माल हलवला की स्टॉक जर्नल, मोजणी केली की फिजिकल स्टॉकचं व्हाउचर. अनेकांनी ही सोय कधी चालूच केलेली नसते आणि तक्रार मात्र टॅलीच्या नावाने चालते. गोदाम सांभाळणारा जुना माणूस डोळे मिटून पेटी काढून देत असेल, तर तूर्त एवढं पुरे.

अडचण येते ती नोंदीच्या वेळेची. हमाल दुपारी माल उतरवतात, चिठ्ठी संध्याकाळी ऑफिसात पोचते, एंट्री दुसऱ्या दिवशी होते. मधल्या काळात झालेलं बिल टॅली साधारण अडवत नाही. शिल्लक उणे जात असल्याचा इशारा देते आणि पुढे जाऊ देते.

ईआरपीनेक्स्टचा स्वभाव याच्या उलट. हिशेब, खरेदी-विक्री आणि गोदाम एकत्र सांभाळणारं, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. माणसागणिक लायसन्सचे पैसे नाहीत. पण सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस फुकट येत नाही, हे बजेटमध्ये धरा. इथे उणे स्टॉक मुळातच बंद असतो. सात वाजता ट्रक दारात उभा, माल डोळ्यांसमोर, आणि आवक पावती झाली नाही म्हणून डिलिव्हरी नोट (माल पाठवल्याची नोंद) सबमिट होत नाही. मग कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन उणे स्टॉकची परवानगी चालू करतं. तिथून मालाचं मूल्यांकन बिघडायला लागतं, आणि एवढा खर्च करूनही तुम्ही पुन्हा टॅलीच्याच जागी येता. शटरपाशीच, माल उतरताना आवक नोंदवणारा माणूस नेमायची तयारी नसेल तर ईआरपीनेक्स्ट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

तयारी असेल तर मात्र फायदा खरा आहे. मोबाइलवरूनही नोंद होते. पिक लिस्ट माणसाला कुठल्या जागेवरून, कुठल्या बॅचमधून किती काढायचं ते सांगते. आलेला माल कुठे ठेवायचा याचे नियम जागेच्या क्षमतेनुसार लावता येतात. जीएसटी आणि ई-वे बिलासाठी (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) इंडिया कम्प्लायन्स हे वेगळं ॲप जोडावं लागतं. एक खोच मात्र आहे: इथे रॅक म्हणजेसुद्धा एक ‘वेअरहाउस’. मोठ्या गाळ्याखाली प्रत्येक कप्पा वेगळा उघडलात, तर पेटी या कप्प्यातून त्या कप्प्यात सरकवली तरी नोंद करावी लागते. सुरुवातीला रॅकांच्या गल्लीपर्यंतच थांबा.

माल अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर सुटा विकत असाल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे युनिकॉमर्ससारखं साधन बघा. सगळ्या ठिकाणी एकच शिल्लक दिसणं आणि परत आलेल्या मालाचा हिशेब हेच तिथलं मुख्य काम. पेट्यांच्या हिशेबात घाऊक विकणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

कायदा दोन्हीकडे सारखाच. दुसरा गाळा जीएसटी नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवलेला हवा. स्वतःच्याच नाशिकच्या गोदामात माल पाठवला, तरी किंमत मर्यादेपलीकडे गेली की ई-वे बिल लागतं. जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, नमुना म्हणून फुकट दिलेला मालही स्टॉकच्या हिशेबात दिसायला हवा. शिवाय अशा मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. म्हणून मोजणीत आलेली तूट ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून एका ओळीत मिटवू नका. कारण लिहायला लावा.

काहीही निवडलं, तरी खरा वेळ आयटमची यादी साफ करण्यात जातो. एकच वस्तू तीन नावांनी, कुठे ‘पेटी’ कुठे ‘नग’. टॅलीत हा गोंधळ वर्षानुवर्षं खपून जातो. ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा व्यवहार सुरू झाले की आयटमचं मूळ एकक बदलता येत नाही, बॅच लावायची की नाही हेही नाही. चुकलं तर नवा आयटम उघडून शिल्लक तिकडे वळवावी लागते. म्हणून आधी टॅलीतच यादी नीट करा, गोडाऊन चालू करा आणि एक तिमाही रोजची आवक त्याच दिवशी चढते का ते पाहा. चढली, तर ईआरपीनेक्स्टवाल्याला बोलवा. दिवाळीच्या किंवा मार्चअखेरच्या गडबडीत मात्र नको.