लहान खोली, दोन मुलं: बंक बेड, ट्रंडल, डबल बेड की जमिनीवर गाद्या?

दहा बाय दहाची खोली. तिच्यात दोन फूट खोल कपाट, एक अभ्यासाचं टेबल, आणि झोपायला दोन मुलं. धाकटं तीनेक वर्षांचं झालं की शहरातल्या टू बीएचकेमध्ये हा प्रश्न येतोच. फर्निचरच्या दुकानात गेलात की आधी बंक बेड, म्हणजे एकावर एक असे शिडीचे दोन बेड, दाखवतात, कारण त्याने जागा वाचते. जमिनीवरची जागा वाचते हे खरंच आहे. पण आपल्याकडे खोलीच्या मधोमध छताला पंखा असतो, आणि बंक बेडचा निर्णय त्या पंख्याकडे बघूनच घ्यायला हवा असं मी आग्रहाने सांगेन.

हिशेब करून बघा. दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे पंख्याचा मध्य भिंतीपासून ६० इंचांवर. नेहमीचा पंखा ४८ इंची, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून २४ इंचांवर आणि भिंतीपासून ३६ इंचांवर फिरतं. ३६ इंची गादीचा बंक बेड चौकट धरून ३९-४० इंच रुंद भरतो. भिंतीला अगदी चिकटवून ठेवला तरी पातं बेडच्या कडेवरून फिरणार. खोली आठ फूट रुंद असेल तर ते गादीच्या फूटभर आत येतं.

आता उंची. छत नऊ फुटांवर असेल तर पाती साधारण आठ फुटांवर येतात. बंकची वरची गादी पावणेपाच-पाच फुटांवर असते. सात वर्षांचं मूल चार फुटांच्या आसपास असतं. ते गादीवर उभं राहिलं तर डोकं छताजवळ जातं आणि पंखा त्याच्या खाली राहतो. बसून हात वर केला तरी तो पात्यांच्या पातळीला पोचतो. आणि मुलं गादीवर उभी राहतात, उड्याही मारतात. त्यांना दटावून हा धोका जात नाही. ३६ इंची पंखा लावला तर पातं आणि बेड यांत जेमतेम दोन-तीन इंच राहतात, तेही पुरेसं नाही. बंक घ्यायचाच असेल तर छताचा पंखा उतरवून भिंतीवरचा पंखा लावा, तोही वरच्या गादीवरून हात पोचणार नाही अशा भिंतीवर.

वाऱ्याचा प्रश्न वेगळाच. खालच्या मुलाच्या डोक्यावर प्लायचं छप्पर येतं, त्यामुळे छताच्या पंख्याचा वारा त्याला लागतच नाही. वरचं मूल एप्रिल-मेमध्ये तापलेल्या स्लॅबखाली झोपतं. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

वयाची अटही आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवू नये, असा इशारा बंक बेडवर छापणं अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. वरचा कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा, असंही ते नियम सांगतात. सुताराकडून बंक करून घेताना हा आकडा त्याला आवर्जून सांगा, आणि गादी चार इंचांहून जाड घेऊ नका. आठ इंची गादी टाकली की चांगला उंच कठडाही तिच्यात बुडतो. फळ्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको, कारण त्यातून मुलाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. वरच्या कठड्याला ओढणी, दोरी, लोंबती मच्छरदाणी काहीही बांधू देऊ नका.

रात्री तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या असतील तर शिडीवर उभं राहून ते होत नाही. अंथरूण ओलं झालं तर पहाटे तीन वाजता वरची चादर बदलणं आणखी कठीण, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत असं होणं अगदी सामान्य आहे. हे सगळं धरून माझं मत असं: दोघंही सात-आठच्या पुढे असतील, एसी किंवा भिंतीचा पंखा असेल, आणि अभ्यासाच्या टेबलासाठी जमीन मोकळी हवीच असेल, तर बंक उत्तम. त्या वयात स्वतःचा कोपरा मिळाल्याचा मुलांना खरोखर आनंद होतो. त्याआधी घेऊ नका.

लहान मुलांसाठी मी ट्रंडलकडे झुकते. म्हणजे सिंगल बेडच्या खालून चाकांवर ओढून काढायचा दुसरा बेड. दिवसा खोली एका पलंगाइतकीच भरते, रात्री दोन होतात. धाकटं खालच्यावर झोपतं. तो बेड जमिनीपासून फूटभरच उंच असतो, त्यामुळे धाकटं पडलं तरी रडू थांबायला वेळ लागत नाही. दोघांना पंख्याचा वारा सारखा मिळतो. आई-बाबा मध्ये बसून गोष्ट सांगू शकतात. आजी राहायला आली तर ती वर, एक नातवंड खाली आणि दुसरं तिच्या कुशीत, अशी सोय होते. बंकमध्ये आजीला मान वाकवून खालच्या बेडवर शिरावं लागतं.

त्याची अडचण म्हणजे खालचा बेड ओढायला पुढे तीन-सव्वातीन फूट फरशी रोज रात्री रिकामी हवी. खेळणी, दप्तरं, सायकल तिथे पडून चालत नाहीत. हे तुमच्या घरात रोज होणार नसेल तर खालचा बेड महिन्याभरात कायमचा बाहेर राहतो आणि मग दोन सिंगल बेडच झाले म्हणायचे. खालची गादी चार-पाच इंचांचीच बसते. ती दिवसभर बंद राहते, त्यामुळे पावसाळ्यात कुबट वास येतो. आठवड्यातून एकदा तरी ती उभी करून वारा लागू द्या. चाकं मोठी आणि रबरी घ्या, लहान प्लास्टिकची चाकं फरशीच्या सांध्यात अडतात.

दोघांना एकच डबल बेड हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे. तीन आणि सहा वर्षांच्या भावंडांना तो छान पुरतो. अंधाराची भीती वाटत नाही, आणि मध्ये आईही आडवी होऊ शकते. पण एक लाथा मारणारं आणि दुसरं हलक्या झोपेचं असेल तर दोघांची झोप मोडते. मोठ्याची शाळा सकाळी सातची आणि धाकट्याची अकराची असेल तर रोज सकाळी धाकटं उगाच उठतं. शिवाय नऊ-दहाच्या सुमारास वेगळी जागा लागतेच, बहीण-भाऊ असतील तर नक्कीच. साठ इंची बेड लहान खोलीची अर्धी रुंदी खातो आणि तेव्हा त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. धाकटं वर्षाच्या आतलं असेल तर मात्र त्याला मोठ्या भावंडाशेजारी झोपवूच नका. निदान पहिले सहा महिने बाळ आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर असावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

जमिनीवर गाद्या हा सगळ्यांत स्वस्त पर्याय, आणि त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पडण्याची भीती शून्य, सकाळी गुंडाळल्या की खोली खेळायला मोकळी. पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फरशीची ओल गादीला खालून धरते. तिथे सतरंजी किंवा चटई टाकूनच गादी घाला, रोज उचला, ऊन पडलं की कापसाची गादी वाळवा. गावाकडे, बैठ्या घरात लहान मुलांना जमिनीवर झोपवणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचा. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो, आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच तो बहुधा चावतो. तिथे मी पलंगच निवडेन.

दोन वेगळे सिंगल बेड दहा बाय दहात बसतात. दोन भिंतींना लावले तर मध्ये साडेतीन फूट उरतात. पण मग टेबल आणि कपाटाचं दार यांची मारामारी होते. खोली बारा फुटी असेल तरच विचार करा.

काहीही ठरवण्याआधी टेपने मोजून फरशीवर खडूने बेडची चौकट आखा, ट्रंडल असेल तर ओढलेल्या अवस्थेतली. खोलीचं दार, कपाटाचं दार आणि टेबलाची खुर्ची पूर्ण उघडून-सरकवून बघा. खिडकीला ग्रिल नसेल तर कुठलाही बेड तिच्याखाली लावू नका. मुलांना त्या आखलेल्या चौकटीत चार रात्री गाद्या घालून झोपवा. कोण कोणाला उठवतं, कोणाला वारा लागत नाही, रात्री पाणी प्यायला उठलेलं मूल कशाला अडखळतं, हे तेवढ्यात कळतं.