चक्क्याचं पाणी, जीवामृत की बायोएन्झाइम: बागेला काय घालावं?

श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं की खालच्या पातेल्यात हिरवट झाक असलेलं आंबट पाणी साठतं. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या कोल्हापुरात ते बहुतेक घरी मोरीत जातं, याची मला फार हळहळ वाटते. मातीला हे द्यावं, शेण-गोमूत्र आंबवून जीवामृत करावं की फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून बायोएन्झाइम, हे ठरवताना आधी बघा: तुमच्याकडे गच्चीवरच्या कुंड्या आहेत की परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा?

कुंड्या असतील तर चक्क्याचं पाणीच घ्या. आयतं मिळतं. दुधातलं बरंचसं पोटॅश आणि आंबटपणामुळे सुटलेलं कॅल्शियम त्यात उतरतं, उरलेली दुधातली साखर मातीतल्या जिवाणूंच्या कामी येते. नत्र मात्र नावालाच, त्यामुळे शेणखत किंवा गांडूळखत चालूच ठेवायचं. एक वाटीला दहा वाट्या साधं पाणी मिसळा आणि पंधरवड्यातून एकदा ओल्या मातीवर घाला. तसंच दाट ओतलं तर मातीवर पांढरी बुरशी धरते, मुंग्या लागतात. शिवाय एवढी साखर पचवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि मिरचीची पानं पिवळी पडू लागतात. आंबट ताकालाही हेच माप, फक्त त्यात मीठ पडलेलं नसावं. कोवळ्या रोपांना यातलं काहीच नको.

परडं असेल आणि जवळ गोठा असेल, तर जीवामृताला तोड नाही. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. गूळ गुऱ्हाळावरचा काळपट घ्या, रंग उजळायला रसायन घातलेला नको. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग करू नका, वासानं शेजारी हैराण होतील.

बायोएन्झाइमला एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने धीर लागतो. सुरुवातीला रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, म्हणून काचेची बाटली नको. इतकं करून ते मातीला चमचाभरच द्यायचं, तेही दोन लिटर पाण्यात. माझ्या मते ते फरशी पुसायलाच जास्त उपयोगी.

लोणच्याचा खार मात्र कितीही पातळ केला तरी घालू नका. मिठातल्या सोडियमनं काळ्या मातीचे कण सुटे होतात, माती चिकट होऊन पाणी मुरत नाही. शिरोळकडची क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

राधानगरी, गगनबावड्याकडची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी, तिथं आंबट पाणी हात राखून घाला. आणि जून ते सप्टेंबर हे सगळंच थांबवा: चिंब मातीत आधीच हवा खेळत नाही, वरून ओतलेलं कुजून मुळांनाच त्रास होतो. त्या दिवसांतलं चक्क्याचं पाणी थालीपीठ किंवा भाकरीचं पीठ मळायला वापरा.