डब्ल्यूडी-४०: नळाच्या जाम स्क्रूवर वापरून पाहिलं

सिंकचा नळ टपकत होता आणि मुठीचा स्क्रू काही केल्या हलेना, म्हणून डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या तेलाचा सगळ्यात लहान डबा आणला. स्क्रू निघाला. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पण तुमच्याकडे बोअरचं जड, म्हणजे क्षाराचं, पाणी असेल तर नुसता डबा आणून भागणार नाही.

आम्ही धुळ्यात, देवपूरला राहतो. तापीची योजना आहे, नकाणे-डेडरगावचे तलाव आहेत, तरी नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा टाकी, पिंप, हंडे भरून घ्यायचे, मधले दिवस बोअरवर काढायचे. अशा घरात गळका नळ मला सहन होत नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरच्या वर जातात, आठवड्याला ३० लिटर.

नळ जुन्या पद्धतीचा, वायसरवाला. वायसर किरकोळ वस्तू आहे, पण तिथवर पोचायला आधी मूठ काढावी लागते, आणि मुठीचा स्क्रू वरच्या लाल टिकलीखाली असतो. स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, पितळेचा, स्क्रू साधा लोखंडी. टिकलीखाली पाणी झिरपलं की दोन धातूंच्या संगतीत लोखंड लवकर गंजतं आणि गंज फुगून आट्यांत घट्ट बसतो. त्यावर क्षाराचा पांढरा थर. आधी आलेल्या प्लंबरनं बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर फिरवून स्क्रूची खाच निम्मी घासून ठेवली आणि अख्खा नळ बदला म्हणाला. चांगला पितळी नळ एका स्क्रूपायी भंगारात घालायला माझं मन तयार नव्हतं.

शेजारच्या आबांनी आयुष्यभर पंपसेट दुरुस्त केलेत. मी डबा दाखवला तर त्यांनी आधी स्क्रू नीट पाहिला आणि म्हणाले, "माय, ते पांढरं शे ना, ते पहिले काढ. दगडमा तेल जास नही."

हेच मला सगळ्यांना सांगायचंय. क्षार तेलात विरघळत नाही, आंबटात विरघळतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा तास स्क्रूवर ठेवला, बारीक फेस आला, मग जुन्या टूथब्रशनं घासून, धुऊन, कोरडं केलं. कापूस रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. स्क्रूच्या कडेची फट दिसायला लागली तेव्हाच फवारा मारला. त्याआधी गॅस रेग्युलेटरपासून बंद केला आणि खिडकी उघडली, कारण हा फवारा पेट घेतो. स्वयंपाकघरात ही काळजी घ्यायलाच हवी.

मग थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं तेल मुरू दिलं, मधूनमधून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकलं, पुन्हा थोडं मारलं. हातोडीनं जोरात ठोकायचं नाही, भिंतीतला पाइप हलला तर टाइल्स फोडण्याची पाळी येते. नंतर दोन नंबरचा फुली स्क्रूड्रायव्हर, म्हणजे खाचेत गच्च बसणारा, आणि खाच घासलेली म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा. तळव्यानं पूर्ण दाब देऊन आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग उलट. कट्ट असा आवाज झाला आणि स्क्रू फिरला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एक तारा कापला तो फवाऱ्यासाठी. तेल पातळ आहे आणि फार पसरतं, आमच्याकडे बरंचसं टाइल्सवरच गेलं, वासही रात्रीपर्यंत राहिला. शिवाय हे मुळात गंजावरचं खास औषध नाही. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीनं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला बनवलं. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरलं जायचं. फारच गंजलेल्या नटबोल्टांसाठी याच कंपनीचं वेगळं पेनिट्रंट, म्हणजे फटीत शिरून गंज सैल करणारं तेल, आहे.

आणि हे नळाच्या आत वंगण म्हणून मारू नका. ते पेट्रोलियमपासून बनतं, साधं रबर त्यानं फुगतं, आणि त्या तोटीतून आपण पिण्याचं पाणी घेतो. स्क्रू निघाल्यावर सगळे भाग भांड्यांच्या साबणानं धुतले, नवा वायसर टाकला, स्पिंडलला पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. गळणं थांबलं. तुमचं नव्या वायसरनंही थांबलं नाही, तर वायसर ज्यावर टेकतो ती पितळी कड खराब झाली आहे का ते बोट फिरवून बघा.

जुना लोखंडी स्क्रू परत लावू नका. स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी घ्या, आट्यांना थोडं ग्रीस लावा. दुकानात जाताना जुना स्क्रू बरोबर न्या. जाडी आणि आटे जुळले पाहिजेत, नुसती लांबी सांगून भलताच मिळतो.