हॅमस्टरचा पिंजरा, सहा महिन्यांनंतर: वास त्या फळीचा आहे

‘सुटे भाग बदलून देण्याची सोय नाही,’ असं कंपनीचं ईमेल आलं, म्हणून हे लिहायला बसले. पिंजरा तुम्ही पाहिलेलाच असेल: खाली प्लास्टिकचा ट्रे, वर तारांची जाळी, चाक, पाण्याची बाटली आणि चढून बसायला लाकडी माळा. माझं सगळं भांडण त्या माळ्याशी आहे. बाकी पिंजरा ठीक. चाक कुरकुरतं, पण खोबरेल तेलाच्या थेंबावर गप्प होतं.

फेब्रुवारीत सुपारी, म्हणजे आमची हॅमस्टर, घरी आली. सीरियन जातीची, मादी, आणि एकटीच. मोठे झालेले सीरियन एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांचा जीव घेतात. मेअखेरपर्यंत वास नावालाही नव्हता आणि मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. मग रत्नागिरीत पावसाने बैठक मारली आणि पडवीतून आत येणारा जो तो नाक मुरडून विचारायला लागला, “काय गो, मांजर पाळलंस काय?”

हॅमस्टरच्या अंगाला फारसा वास नसतो. ताज्या मुतालाही बेताचाच. ते ओलं राहिलं की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि नाकाला झोंबतो तो हा. आपल्याला पडवीत वास येतो, तेव्हा ट्रेला नाक लावून झोपणाऱ्या प्राण्याचं काय होत असेल?

बहुतेक हॅमस्टर मुतायला एकच कोपरा धरतात. आमच्या बाईंनी नेमका माळ्याचा मागचा कोपरा धरला, आणि माळा प्लायवूडचा. प्लाय मूत पितो. उन्हाळ्यात घासून गच्चीवर टाकला की दुपारपर्यंत खडखडीत व्हायचा. जुलैत जिथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे तो वाळणार कुठून? कडा फुगल्या, थर सुटले आणि त्या फटींत काय साठलं ते लिहीत नाही, लोक जेवताना वाचतात.

कस्टमर केअरच्या मॅडम म्हणाल्या, “प्रॉडक्ट कोरड्या जागी ठेवा.” मी म्हटलं, ऑक्टोबरच्या आत अशी जागा कोकणात कुठे आहे तेवढं सांगा, पिंजरा घेऊन तिथेच राहायला जाते. मग म्हणाल्या, वॉर्निश मारून घ्या. ज्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि जो दिसेल ते कुरतडतो, त्याच्या माळ्याला वॉर्निश! एवढ्या किमतीच्या पिंजऱ्याला दोन रुपये जास्तीचा प्लास्टिकचा माळा यांना परवडला नाही.

शेवटी फळी काढून फेकली. लाद्यांच्या दुकानातून फुटक्या टाइलचा तुकडा फुकट आणला, कडा घासून घेतल्या आणि ट्रेच्या तळावर टेकवलेल्या दोन ठोकळ्यांवर ठेवला. टाइल नुसती बेडिंगवर (पिंजऱ्यात अंथरलेल्या कागदाच्या चुऱ्यावर) ठेवू नका, हॅमस्टर खालून उकरतो आणि ती त्याच्याच अंगावर येते. टाइल पाणी पीत नाही, फडक्याने पुसली की झालं. उकाड्याच्या दिवशी सुपारी तिच्यावर पोट टेकून पसरते, तो वरचा नफा. चार दिवसांत मांजराची चौकशी बंद.

आता सोबत घेतलेल्या कागदी बेडिंगबद्दल. जूनमध्ये मी त्याला एकच तारा दिला होता, आज तीन देते. पाकिटावर दोन इंच थर आणि आठवड्याला सगळं बदला असं छापलंय, ते बेडिंग खपवायचं गणित आहे. सात-आठ इंच भरलं की ओल एका जागी शोषली जाते आणि तिला बिळंही करता येतात. रोज फक्त ओला भाग उचलायचा, आणि अधूनमधून एखादा तृतीयांश बदलायचा. सगळं एकदम बदललं की तिला घर परकं वाटतं; सीरियनच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात, त्या घाशीत ती पुन्हा जागोजाग खुणा करत सुटते. जास्त साफसफाई, जास्त वास. उरलेले दोन तारे लॅव्हेंडरच्या सुगंधासाठी कापले. बिनवासाचंच घ्या.

वखारीतला भुसा फुकट मिळतो, हे मला अख्ख्या आळीने सांगून झालंय. फुकटचं मलाही आवडतं, पण तिथे कुठकुठली लाकडं चिरतात, पाइनच्या खोक्यांसकट, आणि कच्च्या पाइनचा उग्र अर्क या जिवांच्या श्वासाला बाधतो. भुशाची धूळ वेगळीच. सासूबाईंनी प्रेमाने कापूर आणि डांबरगोळ्या आणल्या होत्या. कापूर देवघरात परत गेला, डांबरगोळ्या घराबाहेर. दोन्ही या जिवाला विष आहेत.

खरा शोध म्हणजे कोपऱ्यातलं वाळूचं भांडं. माळा गेल्यावर नवा कोपरा शोधत होती, तिथेच ठेवलं आणि तिची ओली चिमूटभर कागदी बेडिंग त्यात टाकली. स्वतःहून जायला लागली. वाळू मत्स्यालयवाल्यांकडची, बारीक. धुवायची, तव्यावर कोरडी करायची, चाळून पुन्हा वापरायची. समुद्रावरची नको, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं. ‘बाथ पावडर’ म्हणून पिठासारखं मिळतं तेही नको, छातीत जातं. ट्रेवर मुताचे पांढरे थर बसले तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी लावून पुसायचं. महागडा डिओ स्प्रे अर्ध्याहून जास्त उरलाय, कुणाला हवा असेल तर न्या.

एवढं करूनही वास आलाच, तर आधी तिचं कोठार बघा. काकडीची फोड गालात भरून ती बिळात नेते आणि पावसात दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरते. मादी असेल तर दर चार दिवसांनी एक रात्र कस्तुरीसारखा वास येईल, तो तिच्या माजाचा, त्याला उपाय नाही. पण शेपटीखाली ओलं, पातळ जुलाब आणि घाण वास असेल तर पिंजरा धूत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फार झपाट्याने जातात.

पिंजऱ्याला दोन तारे. वाळूच्या भांड्याला पाच.

बेडिंग मेमध्येच भरून ठेवा. पावसात घाट बंद झाला की पार्सल कोल्हापुरातच बसतं, आणि आलं तरी पाकीट दमट. मी घट्ट झाकणाच्या पिठाच्या डब्यांत भरलंय. त्यातला मोठा डबा सासूबाईंना गणपतीच्या करंज्यांसाठी हवाय, म्हणून सध्या सुपारीला जरा सढळ हाताने बेडिंग मिळतंय.